अरुणाकाकूंसाठी घेतलेली चाकं

दीनानाथकाकांनी तो सगळा उन्हाळा गाडीची चाकं निवडण्यात घालवला. ग्लासगोला उन्हाळा असतो तरी किती, पण जेवढा होता तेवढा सगळा. गुरुवारच्या आरतीनंतर मी त्यांच्याकडे प्रसाद घेऊन जायचे, तेव्हा डायनिंग टेबलवर लॅपटॉप उघडा असायचा, शेजारी भिंग, आणि सोफ्यावरून अरुणाकाकू म्हणायच्या, "ये गं सीमा. यांचं चाकपुराण चाललंय. बस, श्रवण कर, तेवढंच पुण्य."

रोज दिवेलागणीनंतर मी वहीत चार ओळी लिहिते. पण काकांबद्दल चार ओळींत लिहून होत नाही, म्हणून आज सलग लिहितेय.

काका म्हणजे दीनानाथ खांबेटे, मूळचे मिरजेचे. इथे चाळीस वर्षं फार्मसिस्ट होते, कोपऱ्यावर स्वतःचं लहानसं दुकान होतं. आमच्या भागात म्हणायचे, खांबेट्यांकडे रांग हलत नाही, पण गोळी चुकत नाही. त्यांचा एक नियम होता: उघडलेली बाटली परत आली की ती फेकायची. मग ती भरलेली का असेना. कुणी, कुठे, कशी ठेवली होती ते आपल्याला माहीत नाही ना. घरातही तेच. सेकंडहँड खुर्चीसुद्धा कधी आणली नाही.

त्यांना दोन मुलं. निधी थोरली, ती इंग्लंडात रीडिंग गावी असते. धाकटा परीक्षित. तो सव्विसाव्या वर्षी मित्रांबरोबर डोंगरात गेला आणि पाय घसरून पडला. ज्या लॉकच्या, म्हणजे इथल्या डोंगरी तळ्याच्या काठी तो तंबू ठोकायचा, तिथेच त्याच्या अस्थी सोडल्या. तिथे गाव नाही, दुकान नाही. डांबरी रस्ता संपतो, खासगी इस्टेटीचं गेट लागतं, आणि पुढे चार मैल दगडांची, खड्ड्यांची वाट. दरवर्षी पितृपक्षात त्याच्या तिथीला, दशमीला, हे दोघं ती वाट चालत जायचे. काकू खीर आणि वडे डब्यात भरून न्यायच्या, काका पाण्यात उभे राहून तर्पण करायचे. काका देवाधर्मातले नव्हेत. आमच्या सत्यनारायणाला ते शिऱ्यासाठी येतात, असं स्वतःच सांगतात. पण ही तिथी त्यांनी कधी चुकवली नाही.

मग काकूंचं हृदय थकलं. चालणं बंद झालं. इस्टेटवाल्यांनी गेटची किल्ली दिली, गाडी न्या म्हणाले. नातवंडांना घेऊन फिरायला म्हणून घेतलेली सात सीटची मोठी एसयूव्ही होतीच. तिची चाकं मोठी, चकचकीत अलॉयची म्हणजे हलक्या मिश्रधातूची, वर टायरची पातळ कड. शोरूममध्ये छान दिसतात. चाकपुराणाच्या आदल्या वर्षी निम्म्या वाटेत एका खड्ड्यात चाक आदळलं, अलॉयची कड तुटली, टायर फाटला. स्पेअर चाक नव्हतंच, नुसती पंक्चर बुजवायच्या औषधाची बाटली होती. ओढून न्यायला गाडी येईपर्यंत दोघं पावसात बसून राहिले. काका म्हणाले, इथेच पाणी देतो. काकू म्हणाल्या, "नको. त्याला असं मधल्या वाटेवर कशाला बोलवायचं?" डबा तसाच परत आला.

आणि पुढच्या मे महिन्यात डॉक्टरांनी काकांना बाहेर कॉरिडॉरमध्ये नेऊन सांगितलं, पुढचा उन्हाळा धरून चालू नका. आत काकूंनी तेच नर्सकडून गोड बोलून काढून घेतलं. दोघांनी एकमेकांना सांगितलं नाही. दोघांनीही मला सांगितलं. म्हणजे येत्या दशमीला काकू पोचल्या तर पोचल्या, नाहीतर कधीच नाही.

म्हणून ते चाकपुराण. खडकाळ वाटेसाठीची भारी अलॉय चाकं काकांनी आधी पाहिली, ती दिसायला उत्तम पण पेन्शनवाल्यासाठी नव्हेत. स्वस्तातली होती, त्यांच्यावर एका चाकाला किती वजन पेलतं ते नीट छापलेलं नव्हतं. "ज्या डब्यावर डोस लिहिलेला नाही ती गोळी मी देत नाही," काका म्हणाले. शेवटी ते साध्या काळ्या स्टीलच्या चाकांवर आले. अलॉय तडकतं, स्टील वाकतं. वाकलेलं ठोकून सरळ करून घरी येता येतं. चाक आकाराने दोन इंच लहान घ्यायचं, म्हणजे टायरची कड जाड मिळते आणि दगडाचा मार ती खाते. पण इतकंही लहान नको, की आतल्या ब्रेकला घासेल.

"टिकतील किती वर्षं?" काकूंनी विचारलं.

"पंधरा तरी."

"अगंबाई. मग मला पण तसलंच काहीतरी बसवा."

काका भिंग पुसत राहिले.

ऑर्डर जुलैतच दिली होती. दुकानदाराने गणपतीच्या आधी देतो म्हणून सांगितलं. माल कुठल्या तरी बंदरात अडकला. गणपती आले, गेले, पौर्णिमा झाली. चाकं आली ती पितृपक्षातल्या पंचमीला, आणि त्या दिवशी वार शनिवार.

मी तिथेच होते. घरापुढच्या ड्राइव्हवर प्लॅस्टिकात गुंडाळलेली चाकं रचलेली, काका लहान मुलासारखे त्यांच्याभोवती फिरतायत. काकू दाराला धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, ही गाडीला लावायची नाहीत."

"का?"

"पितृपक्ष आहे. नवी वस्तू वापरायला काढायची नाही. त्यात लोखंड, त्यात शनिवार."

"अरुणा, त्याच्याकडे जाण्यासाठीच आणलीत ना?"

"म्हणूनच. त्याच्या पंधरवड्यात नव्याची हौस नको."

"ही हौस आहे?" काका एवढंच म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "सीमा, तू शास्त्र वाचतेस. सांग हिला काहीतरी."

मी काय सांगणार? आमच्याकडेही त्या पंधरवड्यात कोणी नवा रुमाल वापरायला काढत नाही. काकू मला म्हणाल्या, "नव्या रबराचा वास येतोय बघ. तो गेला तेव्हा मी त्याला नवे बूट घेऊन दिले होते गं." चाकं गॅरेजमध्ये गेली.

संध्याकाळी माझा नवरा अतुल काकांना म्हणाला, "आपण गुपचूप बसवू या. काकूंना काय कळतंय चाक कुठलं ते?"

काका म्हणाले, "तिला फसवून तिथे न्यायचं? मग नेलं काय आणि न नेलं काय."

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांचा फोन आला. "सीमा, वापरलेलं चालतं का? म्हणजे दुसऱ्याचं जुनं?" मी म्हटलं, जुन्याला काहीच हरकत नसते. मागून काकूंचा आवाज आला, "मी कालपासून तेच म्हणतेय. यांना जुनं म्हटलं की शिंका येतात."

सोमवारी आम्ही शहराबाहेर मोडीत काढलेल्या गाड्यांच्या यार्डात गेलो. काकांच्याच गाडीच्या आधीच्या मॉडेलची स्टीलची चाकं तिथे होती, कुणा शेतकऱ्याने हिवाळ्यात वापरलेली, चिखल वाळलेली. आदल्या दिवशी काकांनी फोनवर माप विचारून घेतलं होतं. तरी यार्डवाल्याला त्यांनी एकेक चाक फिरवायला लावलं, गुडघ्यावर बसून कड डगमगते का पाहिलं, पान्ह्याने ठोकून आवाज ऐकला, टायरच्या खाचांत नाणं घालून खोली पाहिली. एकाला पोचा होता. त्यावरून त्यांनी कितीतरी वेळ बोट फिरवलं.

यार्डवाला वैतागून म्हणाला, घ्यायचंय की लग्न करायचंय?

काका हसले नाहीत. मला मराठीत म्हणाले, "उघडी बाटली आहे गं ही. कुणी कशी ठेवली काय माहीत." आणि पैसे देऊन टाकले. नव्या चाकांसाठी अख्खा उन्हाळा लागला, आणि ही चाकं एका सकाळीत घेतली.

ती जुनी चाकं लावून दशमीला आम्ही चौघं निघालो. गेटपाशी काका उतरले, पान्हा काढून सगळे नट पुन्हा आवळले. चाक बदलल्यावर थोडं चालवून तसं करायचं असतं म्हणे. मग वाट सुरू झाली. काकू पुढच्या सीटवर जपमाळ घेऊन बसल्या होत्या, पण मणी सरकत नव्हते. आदल्या वर्षीचा खड्डा आला. काकांनी गाडी जवळजवळ थांबवली आणि सोडली. दाणकन आवाज झाला. माझ्या तोंडून स्वामींचं नाव निघालं. गाडी वर आली आणि पुढे चालू लागली.

"पोचा आला असेल," काका म्हणाले.

"येऊ दे," काकू म्हणाल्या.

लॉकवर वारा नव्हता. अतुलने काकूंना घडीच्या खुर्चीत पाण्याजवळ बसवलं. काका पँट दुमडून पाण्यात उतरले, काळे तीळ आणि दर्भ हातात घेऊन त्यांनी परीक्षितचं नाव घेतलं, गोत्र सांगितलं. काकूंनी पानावर खीर वाढली, वडा ठेवला, आणि स्वतःच्या हाताने पान काठावर सरकवलं. रडल्या नाहीत. खूप दिवसांनी मुलाच्या घरी आलेल्या आईसारख्या इकडेतिकडे बघत होत्या, काय बदललंय, काय तसंच आहे.

काका पाय पुसत होते तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, मलाही इथेच आणा."

काकांनी मोजे घातले. बूट घातले. मग उठले, डिकीतून पान्हा काढला आणि पुढच्या चाकाशी बसले.

अतुल म्हणाला, "काका, आत्ताच गेटपाशी आवळलेत की."

"आवळू दे," काकू म्हणाल्या. काका एका चाकाकडून दुसऱ्याकडे गेले, मग गाडीच्या पलीकडे, जिथून ते आम्हाला दिसत नव्हते. पान्ह्याचा आवाज येईना. मी उठायला लागले तर काकूंनी माझा हात धरला. "तिकडे जाऊ नकोस, सीमा. आवळू दे त्यांना."

बऱ्याच वेळाने ते परत आले, डोळे लाल, हात काळे. खुर्चीशेजारी ओल्या गवतावरच बसले आणि म्हणाले, "गेट हिवाळाभर बंद असतं. एप्रिलला उघडतात."

"एप्रिल चालेल मला," काकू म्हणाल्या. "घाई कुठे आहे?"

मग काका हसले. त्यांचा हात काकूंनी पदराने पुसला, ग्रीस पदराला लागलं, आणि दोघं तसेच पाण्याकडे बघत बसले. आम्ही थोडं लांब जाऊन उभे राहिलो.

दसऱ्याला काकूंनी नव्या चाकांची पूजा केली, हळदकुंकू वाहिलं. "आता लावा खुशाल," म्हणाल्या. काकांनी लावली नाहीत. जानेवारीत, संकष्टीच्या दिवशी, काकू गेल्या.

अस्थी घरात ठेवायच्या नाहीत, म्हणून कलश गॅरेजमध्ये फळीवर ठेवला. निधीला ते फार लागलं. "आईला गॅरेजमध्ये ठेवलंत, बाबा? इतकं थंडीत?" ती फोनवर रडायची. पण ते काकूंचंच सांगणं होतं. मी जायचे तेव्हा काका घरात नसायचेच. गॅरेजमध्ये खुर्ची टाकून, कोट घालून, चहाचा मग घेऊन बसलेले असायचे. कधी पेपर मोठ्याने वाचत असायचे. मी दार वाजवून आत जायचे.

एप्रिलमध्ये गेट उघडल्याचा फोन आला. काकांनी आदल्या दिवशी नवी चाकं स्वतः बसवली, कुणाला हात लावू दिला नाही. निधी रीडिंगहून आली होती. ती कलश मांडीवर घेऊन पुढे बसली, आम्ही मागे. वाटेवर गाडी फारशी हललीसुद्धा नाही.

विसर्जन झाल्यावर निधी काठावर उभी राहून म्हणाली, "बाबा, तुम्ही दरवर्षी इथे एकटे कसे येणार?"

काकांनी रिकामा कलश लॉकच्या पाण्यात विसळला, उपडा करून झटकला.

"गाडी येते इथपर्यंत," ते म्हणाले.