राखणीचा कोर्स

आमच्या आतोबांइतका चौकस माणूस नगर जिल्ह्याने दुसरा पाहिला नसेल. लग्नाच्या पंगतीत बसले, की आचाऱ्याला बोलावून भट्टीत जळण कोणतं घातलं ते विचारणार. कोल्हारला मयतीला गेले, तरी नदीवरचा पूल कुणी बांधला याची चौकशी करून येणार. राहायला भिंगारला, आणि नोकरी नागापूरच्या एका कारखान्याच्या फाटकावर, मुख्य पहारेकऱ्याची.

नव्वदीच्या दशकाच्या शेवटी त्या कारखान्यात कॉम्प्युटर आले आणि सगळी ड्रॉइंगं त्यात गेली. मालक म्हणाले, "हे राखायचं कसं ते शिकून सर्टिफिकेट आणा, नाहीतर मला बाहेरून माणूस आणावा लागेल." फाटक हातचं जाणार म्हटल्यावर दुसऱ्या कुणाची झोप उडाली असती. आतोबांना कुतूहलच जास्त. "कपाटातला कागद नेला तर जागा रिकामी दिसती," ते मला म्हणाले, "ह्यातनं नेला तरी हाय तिथंच हाय. मंग चोरी झाली हे कळायचं कसं?" मला काय कळतंय! मीही विचारात पडलो.

तेव्हा नगरात गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास निघाले होते. मी तेव्हा शाळेत होतो; मला सायकलवर डबलसीट घेऊन आतोबा एकेका क्लासात शिरत आणि "राखणीचा कोर्स हाय का?" म्हणून विचारत. क्लासवाले गोंधळत, मग जो असेल तो कोर्स गळ्यात मारायला बघत. त्यातला खरा कोणता हे ओळखायची आतोबांची स्वतःची रीत होती. फुकटचं पहिलं लेक्चर मन लावून ऐकायचं आणि निघताना टेबलावरची एक फ्लॉपी खिशात घालायची. कुणी हटकलं नाही, की क्लास बाद. दुसऱ्या दिवशी फ्लॉपी परत द्यायला जायचं, वर "तुमचंच तुमाला राखता येईना, आमाला काय शिकवनार?" हा आहेर. माझी दर खेपेला पाचावर धारण बसायची.

अखेर एका क्लासच्या बाईंनी त्यांना दारातच अडवलं. "काका, खिसा दाखवा." आतोबांना असा आनंद झाला, की तिथल्या तिथे नाव घातलं. कोर्स कशाचा, हे मात्र जन्मात पहिल्यांदाच विचारायचं राहिलं. निघाला तो पत्रं टाइप करायचा. तरी बाईंना शब्द दिला म्हणून त्यांनी तो एका बोटाने टाइप करत पुरा केला.

मालकांनी सर्टिफिकेट वाचलं, कौतुक केलं आणि पुण्याहून शिकलेला माणूस आणून फाटकावर नेमला. आतोबांना गोदामात बसवलं.

गोदामातल्या पहिल्याच दिवशी संध्याकाळी त्यांच्याबरोबर घरी यायला म्हणून मी फाटकाशी थांबलो होतो. सुटी झाल्यावर आतोबांनी फाटकाशी थांबून आपली पिशवी उघडून नव्या माणसापुढे धरली. तो बिचारा अवघडला. "काका, तुमची कशाला?"

"माजी कशाला म्हंजे? समद्यांची बगायची."

त्याने बघेपर्यंत ते हलले नाहीत. मला फार वाईट वाटलं. "बरा हाय गडी," बाहेर आल्यावर आतोबा म्हणाले, "सांगितलेलं ऐकतो." आणि सायकल नुसती हातात धरून ते चालू लागले. मीही मग बसतो म्हणालो नाही.