मागच्या सात दिवसांत

सर्वेक्षणवाली बाई पहिल्यांदा आली तेव्हा मी घरातच होते. सकाळचे अकरा वाजले होते आणि मी बेडरूमचं दार लोटून आडवी पडले होते. झोप नव्हती, आजारपण नव्हतं. तळोज्याच्या ज्या केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये मी एकोणीस वर्षं काढली, तिने मला घरी बसवून पाच आठवडे झाले होते, आणि सकाळी अकरा वाजता माणसाने उभं राहून नक्की काय करायचं असतं ते मला अजून उमगलं नव्हतं. बाहेर सासूबाई कुणाशी तरी बोलत होत्या. आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. कुरियरवाला असेल म्हणून मी कूस बदलली.

जेवताना त्यांनी सांगितलं. सरकारी बाई आली होती, हातात टॅब होता. घरात कोण कोण, कोण काय करतं, सगळं विचारून गेली. करंजाड्यातली काही घरं निवडलीत म्हणे, त्यात आपलं आलंय. आता चार महिने, दर महिन्याला एकदा येणार. मी विचारलं, माझं काय सांगितलंत? सासूबाईंनी ताकाचा घोट घेतला. म्हणाल्या, "सून घरीच असते, घरचं सगळं बघते, असं सांगितलं."

माझं डोकंच फिरलं. मी मुळातच चिडकी आहे, लॅबमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्या पाच आठवड्यांत मला रागसुद्धा आला नव्हता. तो त्या दिवशी आला. म्हटलं, आई, एमएस्सी केमिस्ट्री झालेली बाई मी, एकोणीस वर्षं नोकरी केली, आणि तुम्ही सांगता घरी असते? त्या म्हणाल्या, कंपनी सुटली हे परक्या बाईला कशाला सांगायचं, घरातली गोष्ट आहे ती. त्यांना माझ्या वतीने लाज वाटत होती, हे मला कळत होतं. तरी मी ताट तसंच टाकून उठले.

कंपनी सुटली त्यात नाट्य असं काहीच नव्हतं. मंदी मंदी म्हणून सगळे बोलत होते, आम्हाला ती टेबलावर दिसली. रोज सकाळी प्लांटमधून नमुन्यांच्या बाटल्या यायच्या, वीस-बावीस. त्या दहा झाल्या, मग सहा. एक रिअ‍ॅक्टर बंद ठेवला, मग दुसरी शिफ्ट बंद केली. शेवटी शेवटी आम्ही धुतलेलीच काचेची भांडी परत धूत बसायचो. मग एचआरने लॅबमधल्या आम्हा चौघांना आत बोलावलं आणि सांगितलं की सध्या थांबा, ऑर्डर आल्या की बोलावू. चहा दिला. मी तो प्यायले, हे मला अजून खटकतं.

पनवेलच्या शाळेत क्लार्क असलेला माझा नवरा म्हणाला, आता जरा आराम कर. वरच्या मजल्यावरची म्हणाली, बरं झालं, किती धावपळ केलीस. माझी सख्खी बहीण म्हणाली, आता घराकडे बघता येईल तुला. नवऱ्याची नोकरी गेली असती तर हीच माणसं सोफ्याच्या कडेला टेकून हळू आवाजात बोलली असती. माझी गेली तर सगळ्यांना बरं वाटलं. काहीतरी गेलंय हे घरात फक्त मला ठाऊक होतं, आणि मलाही ते नुसतं ठाऊकच होतं, जाणवत काही नव्हतं. दाढ काढायला दिलेलं इंजेक्शन उतरायच्या आधी गाल कसा असतो, तशी मी होते.

दुसऱ्या महिन्यात ती बाई आली तेव्हा दार मी उघडलं. तिशीची असेल, गळ्यात ओळखपत्र, टॅब प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. जवळच्या गव्हाण गावची होती. टॅबवरचे प्रश्न ती शाळेतल्या बाईंसारखे शुद्ध वाचायची आणि मधेमधे स्वतःचं बोलायला लागली की एकदम गावचं बोलायची. तिला बसवलं आणि आधी सांगितलं, मागच्या महिन्यातलं माझं चुकीचं लिहिलंय, ते खोडा.

"मागचा नाय बदलता येत, ताई," ती म्हणाली. "या महिन्याचा काय ते सांगा."

तिने वाचलं: मागच्या सात दिवसांत, कुठल्याही एका दिवशी, निदान एक तास तरी पैशासाठी किंवा घरच्या धंद्यात काही काम केलंत का? मी म्हटलं, नाही. काम शोधलंत का? हो. कसं शोधलंत? मग मी सांगत सुटले. घरात कुणी मला हे विचारलंच नव्हतं. तळोज्याला नोकरीसाठी अर्ज नुसता कॉम्प्युटरवरून टाकून भागत नाही, शिफ्ट सुटायच्या वेळी गेटवर जाऊन उभं राहावं लागतं. ओळखीचा माणूस बाहेर पडला की त्याला विचारायचं, आत जागा आहे का. नसेल तर वॉचमनच्या हातात बायोडेटा द्यायचा, तो ड्रॉवरमध्ये ठेवतो. पुरुष तिथे टपरीवर उभे राहतात. एमएस्सी झालेल्या सत्तेचाळीस वर्षांच्या बाईने कुठे उभं राहायचं त्याची सोय नाही. मी ट्रक तोलायच्या एका बंद पडलेल्या वजनकाट्याच्या केबिनच्या सावलीत उभी राहायचे. नऊ गेटं केली होती त्या आठवड्यात.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, काम मिळालं असतं तर करायला तयार होतात का? मी तिचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. म्हटलं, उद्यापासून.

मी विचारलं म्हणून तिने मला हिशेब समजावला. सात दिवसांत एक तास जरी काम केलं तरी माणूस कामावर. तासभरही केलं नाही, पण शोधलं, किंवा शोधलं नसलं तरी मिळालं तर करायला तयार आहे, तर तो बेरोजगार. केलंही नाही, शोधलंही नाही आणि तयारही नाही, तर तो दोन्हीत नाही. मग त्याला बेरोजगारीच्या हिशेबात धरतच नाहीत. घरकाम करणाऱ्या बायका, म्हातारी माणसं, शिकणारी मुलं, सगळी त्यातच. मी विचारलं, मग आता मला काय लिहिलं? ती म्हणाली, बेरोजगार. आणि काय सांगू, मला हायसं वाटलं. ती गेल्यावर मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगाचच गुणगुणत भांडी लावली. तिच्या प्रश्नांना पाऊण तास लागला होता. सासूबाईंनी विचारलं, एवढं काय बोलत होतात? म्हटलं, माझी नोंद झाली.

आता हे कुणाला वेडेपणाचं वाटेल, पण माझा जन्म नोंदी करण्यात गेलाय. लॅबमध्ये प्रत्येक चाचणीला एक मर्यादा असते. तिच्याखाली पदार्थ असला तरी यंत्राला दिसत नाही. अशा वेळी रिपोर्टात शून्य लिहायचं नसतं, ‘आढळलं नाही’ असं लिहायचं. नवीन पोरं हमखास शून्य लिहायची आणि मी त्यांना झापायचे, की नाहीच आहे असं तुला कुणी सांगितलं? तुझ्या पद्धतीला सापडलं नाही, एवढंच म्हण. आणि आकडा कुणाला आवडेल म्हणून कधी बदलायचा नाही, हे पहिल्याच दिवशी बजावायचे. असे कितीतरी ‘आढळलं नाही’ मी सह्या करून पाठवले असतील. न आढळलेल्या पदार्थाचं पुढे काय झालं, हा विचार एकदाही मनात आला नाही. आता येतो.

तिसऱ्या खेपेच्या आधी एक गंमत झाली. आमच्या सोसायटीला पाणी टँकरने येतं. त्या आठवड्यात पाण्याला वास यायला लागला. सेक्रेटरी माझ्याकडे आले, म्हणाले, मॅडम, तुम्ही त्यातल्या जाणकार, जरा बघता का? मी किट मागवलं, टाकीवर चढले, नमुने घेतले, क्लोरीन तपासलं, कागदावर व्यवस्थित लिहून दिलं. दीड तास गेला. त्या दीड तासात माझे हात माझे होते, दुसरा शब्द नाही. सेक्रेटरींनी ऐकलं नाही, पैशांचं पाकीट हातात कोंबलंच.

दोन दिवसांनी बाई आली. एक तास तरी काम केलंत का, म्हणून विचारल्यावर मी सांगून टाकलं. तिने बोट टेकवलं आणि म्हणाली, मग या महिन्यात तुमी कामावर हाय. मी भांडले तिच्याशी. म्हटलं, अहो, दीड तास! पाण्याची टाकी! त्याला नोकरी म्हणायची? ती बिचारी शांतपणे म्हणाली की नियम सगळ्यांना सारखाच आहे, वीटभट्टीवरच्या बाईलाही हाच आणि मलाही हाच, आणि तिचं स्वतःचंसुद्धा कंत्राटच आहे, तेही संपलं की ती कुठल्या रकान्यात जाईल ते तिलाही ठाऊक नाही. पद्धत ठरली की ठरली, हे खरं तर मी सांगायचं, ते तिने मला सांगितलं. संध्याकाळी नवरा हसून म्हणाला, अभिनंदन, नोकरी लागली. मला हसू आलं नाही, राग पण आला नाही.

त्यानंतर मी गेटवर दोनदा गेले. एका ठिकाणी मुलाखत झाली. समोरचा माझ्याहून वीस वर्षांनी लहान, फार नीट बोलला. म्हणाला, मॅडम, तुमच्या अनुभवाला शोभेल असं आमच्याकडे काही नाही, आम्ही कंत्राटदाराकडून नवीन मुलं घेतो. दुसऱ्या गेटवरच्या वॉचमनने बायोडेटा घेतलाच नाही. ड्रॉवर उघडून दाखवला, कागद वर आले होते. त्याच्या पुढच्या सोमवारी मी तयार झाले, खांद्याला पर्स लावली, रिक्षा स्टॅंडवर जाऊन उभी राहिले. तळोज्याकडे, नावडे फाट्याला जाणारी रिक्षा आली. ड्रायव्हर ओळखीचा, त्याने आतल्यांना सरकायला सांगून माझ्यासाठी जागा करवली. मी चढले नाही. तो थांबला, मी हाताने जा म्हटलं. मग कोथिंबीर घेतली आणि घरी आले.

काही झालं नव्हतं. पाय दुखत नव्हते, रडू येत नव्हतं. मी फक्त चढले नाही. दुसऱ्या दिवशी स्टॅंडपर्यंतही गेले नाही. तीन आठवडे असे गेले. घर लख्ख झालं. सासूबाईंच्या गोळ्या वेळेवर, नवऱ्याचा डबा गरम, डबे घासून ओळीत. कामवालीला मीच सांगितलं, नको येऊस. सगळे माझ्यावर खूश होते. मला याची भीती वाटायला हवी होती, आणि तीसुद्धा वाटत नव्हती.

चौथ्यांदा ती आली ती दुपारची. सासूबाई सोफ्यावर गवार मोडत बसल्या होत्या. बाईने पाणी घेतलं, म्हणाली, आज शेवटची खेप, आता तुमचं घर यादीतून सुटलं. टॅब उघडून तिने वाचायला घेतलं. नवऱ्याचं आधी झालं. मग माझं. एक तास तरी काम केलंत? नाही. काम शोधलंत? नाही. ती क्षणभर थांबली, बहुतेक तिला वजनकाटा आठवला असावा. मग तिने पुढचा प्रश्न वाचला.

"काम मिळालं असतं, तर करायला तयार होतात?"

हो म्हणायला काय लागतं? एक अक्षर. हो म्हटलं की मी निदान बेरोजगार तरी राहिले असते, काम हवं असलेल्या माणसांत मोजली गेले असते. मी खरंच आत बघितलं, ‘हो’ कुठे आहे का. टँकरचं पाणी आठवून बघितलं, लॅबमधलं माझं टेबल आठवून बघितलं. काही हललं नाही. मी म्हटलं, माहीत नाही. ती म्हणाली, ताई, यात माहीत नाही असं नसतं, हो किंवा नाही.

"तयार आहे ती," सासूबाई म्हणाल्या. मान खालीच होती, शेंगा मोडणं चालू होतं. "लिही तू. उद्या बोलावलं तर उद्या जाईल. मी डबा करून देईन तिला."

बाईचं बोट टॅबवर थांबलं होतं. मी नुसती मान हलवली असती तरी तिने हो लिहिलं असतं, तिच्या तोंडावर ते दिसत होतं. मी सासूबाईंकडे बघितलं. या बाईने आयुष्यात माझ्यासाठी कधी डबा भरला नव्हता.

"नाही," मी म्हटलं. "तयार नव्हते."

सासूबाईंचे हात थांबले. बाईने बोट टेकवलं. त्यानंतर मला विचारायचं काही उरलंच नव्हतं, टॅबवर पुढचं नाव आलं. ते सासूबाईंचं होतं. त्यांना अठ्ठ्याहत्तरावं चालू आहे. बाईने एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "आजींचं तुमच्यासारखंच लिहू ना?"

लिही, म्हटलं.