सफेदा लावलेला बोल्ट

जोतीरामचं नाव काढलं की माझ्या पोटात दुखतं. खोटं कशाला बोलू? भिगवणात हायवेला माझं गॅरेज आधीचं. त्याच्याबी आधी मी सणसरच्या बाजूला पंपाची पायपं बसवायचो, मग गाड्यांत शिरलो. हा वरकुट्याचा जोतीराम त्र्याण्णव साली आला, माझ्या समोरच शेड मारलं आनि सहा म्हयन्यांत निम्मी गिऱ्हाइकं पळवली. पळवली कसली, ती आपल्या पायानं गेली. त्येच जास्त लागतं.

काय हाय त्याच्यात? बारका, सावळा, बोलनं मोजकं. संध्याकाळी पानं-पक्कडी रॉकेलनं पुसून गोणपाटात गुंडाळून ठेवनार. गिऱ्हाइकाचं समदं ऐकून घेनार, मगच बॉनेट उघडनार. माझी बायको धोंडाबाई एकदा म्हनली, "जोतीरामभावजींच्या कापडाला डाग न्हाय बघा." त्या दिशी मी जेवलो न्हाय.

हक्काचं असं एक गिऱ्हाईक तेवढं माझं ऱ्हायलं होतं, बुद्धघोष सर. हायस्कूलचं मास्तर, जुनी अ‍ॅम्बॅसिडर. सर जितं जातील तितं बाकीचं मास्तर आपल्या गाड्या न्यायचे. सत्त्याण्णवच्या मार्चमधी सर ऑइल बदलायला आले. मी गाडीखाली झोपलो, तर ऑइल सोडायचा चेंबरचा बोल्ट हालंना. पाना घसरला, बोल्टचं कोपरं झिजलं. पाईपपाना लावला, तर बोल्ट पार लिंबावानी गोल. नाचता येईना अंगण वाकडं. मी म्हनलो, "गाडीच म्हातारी झालीया, सर."

"बिरू, समोर विचारू का?" सर म्हनले.

नाक कापायचं ते तितंच कापलं.

जोतीराम आला. इंजिन चालू करून थोडं तापवलं, मग बंद केलं. खाली सरकून बोल्टच्या डोक्यावर चार ठोकं दिलं. एका नंबरानं लहान रिंग पाना हातोडीनं ठोकून वर बसवला. मी उभा राहून मनात म्हनत होतो, तुटू दे, चेंबर फुटू दे. बोल्ट सुटला.

काळं ऑइल घमेल्यात पडलं. जोतीरामनं बोल्ट उजेडात धरला. आट्यांत वाळलेला सफेदा, त्यात सुतळीचं धागं. दोन वर्सामागं सरांनी ही जुनी गाडी घेतली तवाच ऑइल ठिपकत होतं, म्हनून मीच पंपाच्या पायपाची गळती थांबवायला लावतात तसा सफेद्याचा लेप लावून, सुतळी गुंडाळून तो आवळला होता. इंजिनाच्या धगीनं त्याचा पार दगड झाला होता. असली करामत गावात दुसरं कोन करनार? जोतीरामनं माझ्याकडं बघितलं. त्याला कळलं होतं.

"कशानं धरलं होतं?" सरांनी विचारलं.

आता ह्यो बोलला की माझं सर गेलं आनि सरांमागं सगळं हायस्कूल गेलं.

जोतीरामनं धागं चिंधीनं पुसून टाकलं. "जुन्या मालकाकडनंच तसं आलं आसंल, सर. बिरूतात्यांनी आधी जोर लावला म्हनून सुटला तरी." नवा बोल्ट, नवा तांब्याचा वायसर बसवला आनि गेला. चहासुदिक घेतला न्हाय.

सर आजून माझ्याकडंच येतात. दर खेपेला मी गाडीखाली झोपतो, त्यानं बसवलेला बोल्ट एका हातानं सुटतो, आनि माझा जीव जळतो. एक गिऱ्हाईक माझं होतं, ते बी आता त्यानं दिलेलं हाय.