खर्जाची तार

सभेला भोंगा लावला की नेमका कोणाचा आवाज मोठा होतो, हे तुम्ही कधी मागे जाऊन ऐकलं आहे का?

मी ऐकलं नव्हतं. मी नेहमी पुढे असायचो, पत्रकं वाटत. लहानपणापासून पत्रकांवरच वाढलो. कारंजाच्या बाजारातून मीठ ज्या कागदात बांधून यायचं, तो कागद पत्रकाचा निघाला तर मी तो मांडीवर सरळ करून वाचायचो, आणि त्यातलं प्रत्येक वाक्य मलाच उद्देशून आहे असं वाटायचं. पुढे मी स्वतः लिहू लागलो. विहीर सर्वांची, पाणी कोणाच्या बापाचं नाही. लिहिताना हात भरून यायचा तो रागाने. आता नुसताच भरून येतो.

आमच्या सभेत आधी मावशीचं गाणं असे. मावशी माझ्या नात्यातली नव्हे. गावाबाहेरच्या मळ्यात वांगी, मेथी पिकवून बाजारात विकणारी बाई. पण सगळेच तिला मावशी म्हणत. गाणी तिची स्वतःची, तंबोरा तिच्या बापाचा. लोक तिच्यासाठी येत आणि माझं भाषण सोसून घेत.

भोंगा आम्ही पहिल्यांदा लावला तो पोहरादेवीच्या यात्रेत. मोटारीच्या बॅटरीवर चालणारा तो सगळा संच घेऊन माझ्याच वयाचा एक जण बैलगाडीतून गावोगाव फिरायचा. मावशीचा आवाज भोंग्यातून एवढा मोठा झाला, की मांडीवरचा तंबोरा तिचा तिलाच ऐकू येईना. खर्जाचा, त्या सर्वांत खालच्या तारेचा, आधार सुटला. सूर घसरला. गर्दीतून कोणी तरी कावळ्यासारखं ओरडलं आणि यात्रा हसली.

तिने तंबोरा लुगड्याच्या धडप्यात गुंडाळला. परतीच्या वाटेवर एवढंच बोलली, "आता धनजची सभा. तती हा आयकू आला तं आला. नायी तं खुटीले टांगीन न् वांगे इकीन."

भोंगेवाल्याकडे मायक्रोफोन एकच. तो तंबोऱ्याजवळ नेला की भोंगा शिट्टी घालायचा. म्हणून त्याने एक युक्ती काढली. जुन्या टेलिफोनचा कानाला लावायचा भाग फोडला, आतलं चुंबक आणि त्यावरची बारीक तांब्याच्या तारेची दोन वेटोळी काढली, आणि ती तंबोऱ्याच्या तारांखाली मेणाने बसवली. वर तार हलली की वेटोळ्यांत वीज उठणार आणि तंबोरा भोंग्यातून बोलणार.

तो बोलला. पण डास कानाशी यावा तसा.

"ह्याले तं ताप आल्यासारखा वाटते," मावशी म्हणाली.

"गाडी रुळावर येऊन राह्यली मावशी, जरा दम धरा."

"दम मी धरतो रे, तुया भोंग्यालेच दमा झाला त्याचं काय?"

आम्ही मळ्यातल्या झोपडीसमोर बसून एकेक दोष शोधत गेलो. बॅटरी भरून आणली. सांध्यांवरचं कथिल काढून पुन्हा डाग दिले. दोन वेटोळी एकमेकांविरुद्ध जोडली गेली असतील, म्हणून एकाची टोकं उलटी केली. आवाज वाढला, पण पातळच राहिला, वरवरचा, बुडाशी काही नसलेला. मग चुंबक तारांच्या जवळ सरकवलं. तेवढ्याने वाढलं थोडं, म्हणून आणखी सरकवलं.

खरं सांगतो, मला कंटाळा आला होता. सभा, पत्रकं, पायपीट आणि त्यात हे. धनजच्या विहिरीवर काही जातींना बंदी ती बंदीच होती, आणि मी मेणाचे हात धुवत बसलो होतो. भोंगेवाल्याला म्हटलं, गाण्याशिवायच सभा घेऊ. मावशी मेथी निवडत होती. तिने ऐकलं आणि पुढची जुडी ओढली.

तेवढ्यात खर्जाची तार तुटली. आम्ही वर आणलेल्या चुंबकावर ती घासत होती. मावशी हात पुसत उठली, तारांची डबी आणली, आणि नवी तार शोधण्यासाठी तिने सगळे तुकडे तंबोऱ्यावरच ओतले. पोलादी तुकडे टुणकन जाऊन चुंबकाला चिकटले. पिवळे पितळी तुकडे पडले होते तिथेच पडून राहिले.

मी ते बघत बसलो. मग एक पितळी तुकडा उचलून चुंबकाला लावला. तो खाली पडला. पुन्हा लावला. पुन्हा पडला.

वरच्या तीन तारा पोलादाच्या होत्या. खर्जाची तेवढी पितळेची. आमच्या यंत्राला पितळ कळतच नव्हतं. इतके दिवस ते तीन तारा ऐकत होतं आणि ज्या चौथीवर मावशीचं सगळं गाणं उभं, तीच त्याच्या लेखी नव्हती.

"तं पोलादाची लावा," भोंगेवाला म्हणाला. लावली. बारीक तार खाली उतरवली की लोळायची, आणि जाड लावली की घंटीसारखी ठणठणायची. खर्ज काही लागेना.

बारीक तारेवर वजन चढवायला हवं होतं. तेव्हा मला माझा चरखा आठवला. पोलादी तारेचं एक टोक चरख्याच्या चातीला, म्हणजे त्या फिरत्या सळईला बांधलं. दुसरं टोक भोंगेवाल्याने फिरत्या कडीत अडकवून ताणून धरलं. मी चाक फिरवत गेलो आणि मावशीने भोंगेवाल्याच्या पेटीतल्या एका जळक्या वेटोळ्याची तांब्याची तार त्या पोलादावर वेढ्याला वेढा चिकटवून गुंडाळली. तिची बोटं चिरली. ती थांबली नाही.

"लेका," ती म्हणाली, "तुया चरख्यानं आज पयल्यांदा कामाचं काही कातलं."

आत पोलाद, वरून तांब्याचं वजन. तार चढवली, छेडली. भोंग्यातून खर्ज आला. पितळेचा गोडवा त्यात नव्हता, घसा बसलेल्या माणसासारखा होता तो. पण बुडाशी होता.

"खरखरते," मावशी म्हणाली. मग डोळे मिटून तिने सा लावला.

धनजला तिचा सूर हलला नाही. भोंगा तिच्या पाठीशी बांधला होता, तंबोरा तिला ऐकू येत होता. कोणी हसलं नाही. गाणं संपल्यावर मी उभा राहिलो आणि पाठ केलेलं पत्रक सुरू केलं. पहिलं वाक्य होतं न होतं तोच मावशीने सदरा ओढला.

"थांब. विहिरीपाशी त्या बाया उभ्या हायेत, त्यायले आयकू येऊन राह्यलं का?"

"येत असेल की."

"त्या भोंग्यालेबी चारी तारा आयकू येते असंच वाटे. जाऊन पाह्य."

मी गेलो. ज्यांना पाणी भरू देत नव्हते त्या बाया रिकाम्या घागरी घेऊन लांब उभ्या होत्या. भोंग्याचं तोंड पारावरच्या मोठ्या लोकांकडे होतं. इथे नुसता गलका येत होता, शब्द एकही नाही. मी विचारलं तर एक जण म्हणाली, "आमाले काय, आमी संपायची वाट पाहून राह्यलो."

आम्ही भोंगा फिरवला. मावशीने तेच गाणं पहिल्यापासून म्हटलं. विहीर त्या दिवशी उघडली नाही, आणि मी हे लिहितो आहे तोवर उघडलेली नाही. तंबोरा मात्र खुंटीला गेला नाही. मावशी सकाळी वांगी विकते आणि सांगावा आला की धडप्यातून तो बाहेर काढते.

मी दमलो आहे, म्हणून या वेळी घोषणा लिहीत नाही. एकच मागतो. तुमच्या गावात सभा झाली, भोंगा लागला, तर पुढची जागा धरू नका. सगळ्यांच्या मागे, विहिरीच्या बाजूला जाऊन उभे राहा. तिथे शब्द पोचत नसेल तर हात वर करा, बोलणाऱ्याला थांबवा आणि भोंगा फिरवायला लावा. बोलणारा मी असलो, तरी.