आडव्या रेषेची गॅरंटी

मी डस्टर हातात घेऊन फळ्यापाशी उभा होतो आणि बाजूने संचालक सर हळूच म्हणत होते, "पुसून टाक अन् पुढचं घे."

पण अडचण फळ्यावर नव्हती, पहिल्या बाकावर होती.

घाटंजीतल्या त्या क्लासमध्ये माझा डेमो होता. डेमो म्हणजे प्रवेशाआधीचा फुकट तास. पोरांसोबत पालकही बसतात, शेवटी चहा-समोसा असतो. डेमो जमला तर मला संध्याकाळची नोकरी मिळणार होती. नाही तर फीअभावी बीएस्सी सुटणार होती. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच.

भिंतीवर बोर्ड होता : 'लंब रेषा चुटकीसरशी. गॅरंटी!'

रेषेचा चढ म्हणजे उजवीकडे एक घर सरकलं की ती किती घरं वर जाते. तिला काटकोनात छेदणारी लंब रेषा हवी, तर युक्ती अशी : चढ उलटा करायचा आणि चिन्ह बदलायचं. y = 2x + 1 चा चढ दोन, म्हणून लंबाचा वजा एक-द्वितीयांश. (2, 5) मधून काढली, x + 2y = 12 आलं. पालकांनी टाळ्या वाजवल्या.

मग पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली. "सर, रेषा आडवीच असन तं? y = 3. चढ शून्य. शून्य उलटा कसा करू?"

"बेटा, असा प्रश्न येतच नाही," संचालक सर म्हणाले.

मागून तिचे वडील बोलले, "मांगच्या साली बियाण्याचा दुकानदारबी असंच म्हणे. पिशवीवर गॅरंटी होती. बोंडात अळी निंघाली, तं म्हणे अशी अळी येतच नाही."

सगळे हसले. सर सोडून.

मी घाबरत घाबरत युक्तीच पुसली. आडवी रेषा काढली आणि (2, 5) वरून खडू सरळ खाली ओढला. "ही लंब. सरळ उभी आहे, म्हणून तिला चढच नाही. तिच्यावर कुठंही x दोनच. समीकरण x = 2. युक्ती इथं चालत नाही."

"मंग बोर्डावर काहून नाही लिवलं?"

"माहीत नाही, काका."

काका पोरीकडे वळले. "याले 'माहीत नाही' म्हणता येते. इथंच शिक."

सरांनी मला ठेवून घेतलं. फक्त बजावलं, "पुढच्या डेमोत तिरप्याच रेषा घे."

तेव्हापासून युक्ती शिकवताना ती कुठं अडते, ते मी आधी सांगतो. सरांनीही सुधारणा केली. गॅरंटीशेजारी एक तारा आला आणि तळाशी बारीक अक्षरं : 'अटी लागू.' आता तो बोर्ड अगदी बियाण्याच्या पिशवीसारखा दिसतो.