फ्लॉपीतला जोंधळा

सांबप्पा मिटकरी परभणीजवळच्या एका बियाणे केंद्रात टंकलेखक होता. शहाऐंशी साली तिथं कॉम्प्युटर आला, तेव्हा साहेबांनी त्यालाच महिनाभर पुण्याला शिकायला धाडलं. यंत्र हैदराबादच्या एका लहानशा कंपनीचं. आतली मुख्य चिप परदेशातल्या नावाजलेल्या चिपची नक्कल होती. स्वस्त पडायची म्हणून कंपनीनं तीच बसवलेली. शिकवणारे म्हणाले, "अस्सल काय नि नक्कल काय, काम तेच." सांबप्पानं ते मनोमन मान्य केलं.

परत आल्यावर त्याच्याकडं पहिलं मोठं काम आलं ते केंद्रातल्याच व्यंकटरावांच्या वह्यांचं. व्यंकटरावांनी अठरा वर्षं सायकलवर हिंडून गावोगावचा देशी जोंधळा गोळा केला होता. बी पत्र्याच्या डब्यांत होतं आणि डब्यांवर नुसते आकडे. बाकीचं सगळं वहीत: "वालूर, सरजाबाई. बी माहेराहून आणलेलं. कणीस वाकडं, भाकर दुसऱ्या दिवशीही मऊ."

सांबप्पा टाइप करी आणि व्यंकटराव शेजारी बसून न लागलेलं अक्षर वाचून दाखवत. मधेच थांबून त्या त्या बाईची हकीकतही सांगत. दोन वर्षांत सगळ्या वह्या फ्लॉप्यांवर चढल्या.

मग साहेबांना वह्यांची खोली हवी झाली. "सगळं यंत्रात आहे ना?" त्यांनी विचारलं.

"आहे, साहेब," म्हणून सांबप्पानं वह्या रद्दीत काढायच्या कागदावर सही केली.

व्यंकटराव त्याच्या टेबलाशी आले. "सांबप्पा, ऱ्हाऊ दे की कुठं तरी कोपऱ्यात."

"काका, तिथं वाळवी खाईल. हितं काय होत न्हाई बगा."

त्याच आठवड्यात वह्या रद्दीवाल्याकडं गेल्या. वर्षभरात व्यंकटराव निवृत्त होऊन पेडगावला गेले.

एक्क्याण्णव साली एका सकाळी पडदा उजळलाच नाही. नामांतराच्या आंदोलनानं गाड्या बंद होत्या, त्यामुळं औरंगाबादचा इंजिनिअर बाराव्या दिवशी पोचला. चिप जळाली होती. हैदराबादची कंपनी कधीच बुडाली होती, म्हणून त्यानं बरोबर आणलेली अस्सल चिप बसवली. पडद्यावर एक ओळ उमटली आणि यंत्र तिथंच गोठलं.

"कंपनीनं सगळा प्रोग्रॅम त्या नक्कलेच्या लकबींवर बेतलाय," तो म्हणाला. "अस्सल चिपला तो कळत नाही."

"आन् फ्लॉप्या?"

"त्यांची लिहायची पद्धतही कंपनीची स्वतःची. दुसऱ्या मशीनवर वाचता येणार नाहीत."

सांबप्पा स्वतःच्या पैशानं हैदराबादला जाऊन आला. कंपनीच्या जागी पंख्यांचं दुकान होतं. घरी त्याचं जेवण सुटलं. बायको शांतम्मा विचारी, तर म्हणे, "डोकं दुखायलंय." व्यंकटरावांना सांगायला त्याला आठ महिने लागले.

पेडगावच्या ओसरीवर व्यंकटरावांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांची बायको कमलबाई चहा घेऊन आली. कुणीच कप उचलला नाही.

"म्या सही केली, काका. मलाच मारा."

"मारून काय व्हायचंय?" व्यंकटराव म्हणाले. "डबे हायती का अजून?"

"हायती."

"मंग चल."

थंडीभर ते दर मंगळवारी यष्टीनं येत. सांबप्पा डबा उघडी. ते दाणे तळहातावर पसरत, चावून बघत, डोळे मिटत. एखाद्या वेळी चेहरा फुले: "ही सोनपेठची. नर्मदाबाई. हिच्या लाह्या लय फुलायच्या." सांबप्पा पेनानं लिहून घेई. पण पुष्कळदा ते दाणे परत ओतत. "न्हाई आठवत. पुढचा काढ." तीनशेवर डब्यांतले एक्केचाळीस ओळखले गेले. माघात व्यंकटरावांना ताप भरला आणि चौथ्या दिवशी ते गेले.

पुढच्या हंगामात सांबप्पानं साहेबांच्या परवानगीनं बाकीचं बी केंद्रामागच्या पट्टीत पेरलं. बी जुनं झालेलं. बऱ्याच ओळी उगवल्याच नाहीत. आलेली कणसं, कुणी ओळखतंय का बघायला, त्यानं पिशवीत घालून गावोगाव नेली. बी दिलेल्या म्हाताऱ्यांपैकी बहुतेकजणी वारल्या होत्या, आणि घरोघरी हायब्रीड पोचलं होतं. एका अंगणात पार्वतीबाई नावाच्या आजींनी कणीस उलटसुलट करून पाहिलं, नाकाशी नेलं आणि परत दिलं.

"लय चांगलं दिसतंय, बाबा. कुणाच्या घरचं हाय?"

सांबप्पानं कणीस पिशवीत ठेवलं आणि तो यष्टीच्या थांब्याकडं चालू लागला.