शिंप्याच्या दुकानाची पायरी

निवृत्त झाले तेव्हा वाटलं होतं, आता माणसांत बसायला वेळ मिळेल. तीस वर्षं मी धानोऱ्याकडच्या जंगलात, उपकेंद्रावर नर्स होते. लग्न राहून गेलं. गावातल्या बायका बाळंतपणासाठी केव्हाही हाक मारायच्या. मोहाचे दिवस आले की माझ्या अंगणात फुलं वाळत टाकून खुशाल निघून जायच्या, राखायला सिस्टरबाई आहेच म्हणून. आपल्याला मैत्रिणी आहेत की नाहीत, हा प्रश्न तिथे कधी पडलाच नाही. क्वार्टर सोडावं लागलं आणि मी गडचिरोलीच्या एका नव्या वस्तीत दोन खोल्या बांधल्या.

वस्तीत बायकांचं भजनी मंडळ होतं. मी दर शनिवारी जाऊ लागले. दुसऱ्याच शनिवारी एकीने विचारलं, "बाई, तुमच्यापाशी बीपीची मशीन हाये म्हनतात?" मशीन होती. मग भजन संपलं की माझ्यापुढे रांग लागायची. आपसांत त्या मुलींची स्थळं बोलायच्या, सुनांची गाऱ्हाणी सांगायच्या. माझ्याशी बोलायच्या त्या गुडघे, साखर आणि चक्कर. मला वाटायचं, हळूहळू होईल.

मंडळाची सहल मार्कंड्याला जाऊन आली, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. बाहेरचं खाऊन तिघींना उलट्या सुरू झाल्या होत्या आणि त्या माझ्या दारात उभ्या होत्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "मी रिटायर झाली आता. दवाखान्यात जा." नोकरीत असताना मी कुणाला असं परत पाठवलं नव्हतं. त्या एकमेकींना धरून परत गेल्या. पुढच्या शनिवारी मला जाववलं नाही, आणि का आल्या नाहीत म्हणून विचारायलाही कुणी आलं नाही.

त्यानंतर आपा भेटल्या. बाजाराच्या रस्त्यावर त्यांच्या मुलाचं शिलाईचं दुकान होतं. मी ब्लाउज शिवायला टाकला होता, तो तयार नव्हता. मुलाची आई पायरीवर काजं करत बसली होती. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. ती सरकून म्हणाली, "बसा बाई. घरी कोन वाट पाहून राह्यलं तुमची?"

कुणीच नाही, हे तिला माहीत असण्याचं कारण नव्हतं. मी बसले.

दुसऱ्या दिवशी ब्लाउज मिळाला, तरी तिसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. मग रोज चार वाजता जाऊ लागले. आपा काजं करायच्या, मी बटणं लावायची. दुकानावरून जाणाऱ्या प्रत्येकाशी त्या बोलायच्या. भाजीवालीला तिच्या गाईचं विचारायच्या, मास्तरांना त्यांच्या खोकल्याचं. मधेच माझ्याकडे वळून म्हणायच्या, "तुमी एवढ्या चूप काऊन राह्यता बाई? बोलत जा." मग मी जंगलातल्या गोष्टी सांगायची. पुरात अडकलेलं बाळंतपण त्यांनी माझ्याकडून तीनदा ऐकलं असेल. त्यांच्या रमजानमध्ये मी त्यांच्यासमोर पाणीही पीत नसे. "अवो, तुमाले कोनी सांगतलं?" म्हणून त्या हसायच्या. अशी दोनेक वर्षं गेली. त्या काळात मी सकाळी उठायची तीच चार वाजायची वाट बघत.

तयार कपड्यांची दुकानं वाढली आणि शिलाईचं काम आटलं. मुलाचे सासरे वरोऱ्याला होते, तिकडे चांगला धंदा होता. एक दिवस आपा म्हणाल्या, "आमी चाललो बाई. तुमी येजा." त्या रडल्या. मी रडले नाही. बाळंतिणीसमोर रडायचं नाही, या सवयीने घात केला असावा.

चार-पाच महिन्यांनी मी गेले. चंद्रपूरला बस बदलून वरोऱ्याला पोचायला दुपार झाली. आपांच्या अंगणात पाच-सहा बायका शेवया वळत बसल्या होत्या आणि मधोमध आपा होत्या. मला पाहून लगबगीने उठल्या. माझा हात धरून सगळ्यांना म्हणाल्या, "ह्या गडचिरोलीच्या सिस्टरबाई. यायच्या हाताची सुई समजतच नाई." लगेच एकीने नाडी बघायला मनगट पुढे केलं. मी नाडी बघितली.

त्यांनी आग्रहाने जेवू घातलं. पण बोलणं तिथल्या माणसांचं चाललं होतं आणि मला त्यातलं कुणी माहीत नव्हतं. एवढ्याच महिन्यांत आपांनी सगळा मोहल्ला आपलासा केला होता. माझ्यासाठी ती पायरी सर्वस्व होती. त्या जिथे बसतील तिथे त्यांची पायरी होत होती. यात त्यांचा काहीच दोष नव्हता, म्हणून रागही धरता येईना.

निघताना त्यांनी विचारलं, "तिथी कोनाशी बोलता ना बाई?"

"बोलते ना," मी म्हणाले. "खूप जणी आहेत."

"मंग झालं," म्हणाल्या, आणि खरंच निश्चिंत झाल्या. मी पुन्हा वरोऱ्याला गेले नाही.

पुढे पेन्शनसाठी दुसऱ्या बँकेत खातं उघडायचं होतं. ओळख द्यायला तिथल्या एखाद्या खातेदाराची सही हवी होती. मी फॉर्म घेऊन बाकावर बसले आणि वस्तीतलं एकेक घर आठवू लागले. भजनाच्या बायकांकडे जायची हिंमत झाली नाही. शेवटी किराणा दुकानदाराकडे गेले; सहा वर्षं त्याच्याकडूनच सामान नेत होते. त्याने आढेवेढे न घेता फॉर्म घेतला, "ओळखतो ना बाई तुमाले," म्हणत सहीही केली. मग पेन तसाच धरून थांबला.

"नाव काय लिहू तुमचं?"

मी सांगितलं. त्याने लिहून घेतलं आणि मागच्या गिऱ्हाइकाला साखर तोलायला वळला. खातं उघडलं. घरी येऊन मी स्वयंपाक केला, एकाच वेळचा, आणि रेडिओ मोठ्याने लावून जेवले.